दाढ काढायची म्हणून गोळी बंद?

‘दाढ काढायची आहे ना, मग रक्त पातळ करायची गोळी चार दिवस बंद ठेवा.’ भिवंडीत धामणकर नाक्यापासून पडघ्यापर्यंत हा सल्ला कानावर येतो. शेजारीपाजारी देतात, नातेवाईक देतात, कधी कधी दवाखान्यातूनही मिळतो. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, म्हणूनच ऐकणारा त्यावर विश्वास ठेवतो. पण हृदयात कृत्रिम झडप बसवलेल्या माणसाने तो पाळला, तर एका दाढेपायी पक्षाघात ओढवू शकतो.

या गोळीवर कोण असतं? काहींच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात, काहींच्या पायातल्या शिरेत गुठळी झालेली असते. आणि एक मोठा गट संधिवाताच्या तापाने झडप निकामी झालेल्यांचा. लहानपणी जंतूमुळे घसा दुखतो, उपचार अर्धवट राहतात, मग ताप येतो, सांधे सुजतात आणि काही वर्षांनी हृदयाची झडप आकसते. दाटीवाटीच्या वस्तीत हा आजार जास्त पसरतो, आणि भिवंडीत यंत्रमागांच्या भोवती वाढलेल्या वस्त्या दाटीच्याच. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने विकसित केलेली भारतीय झडप १९९० मध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली आणि हे ऑपरेशन अनेकांच्या आवाक्यात आलं. मात्र अशा कृत्रिम झडपेवर रक्त गोठू पाहतं, त्यामुळे गोळी जन्मभराची.

आता ‘चार दिवसां’चा हिशोब करू. ही गोळी, म्हणजे वॉर्फरिन किंवा आपल्याकडे सर्रास दिली जाणारी ॲसिनोकुमॅरॉल, यकृतातल्या के जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणते, आणि रक्त गोठवणारे घटक कमी तयार होतात. ॲसिनोकुमॅरॉलचा असर लवकर ओसरतो, त्यामुळे बंद केल्यावर दोन-तीन दिवसांतच संरक्षण घसरतं. पुन्हा सुरू केल्यावर मात्र ते लगेच परत येत नाही. रक्तात आधीपासून असलेले घटक संपायला वेळ लागतो, आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप) पूर्वीच्या पातळीवर यायला पाच दिवस किंवा त्याहून जास्त जातात. म्हणजे रुग्णाला वाटतं चार दिवस गेले; प्रत्यक्षात आठवडाभर झडप उघडी पडलेली असते.

गोळी न थांबवण्याला पुरावा नाही असं कुणी म्हणू नये. मायकल वॉल या अमेरिकी दंतवैद्याने तोवर प्रसिद्ध झालेले अहवाल एकत्र करून २००० साली अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या नियतकालिकात मांडले. गोळी चालू ठेवून ९५० हून अधिक रुग्णांवर २,४०० हून अधिक दंतोपचार झाले होते. रक्त थांबवायला जागेवरचे उपाय अपुरे पडले ते फक्त १२ जणांना. दुसऱ्या बाजूला, दातांसाठी गोळी थांबवलेल्या ५२६ रुग्णांपैकी पाच जणांना गुठळीचा गंभीर त्रास झाला आणि त्यातले चौघे दगावले.

गोळी बंद करणाऱ्या बहुतेकांना काहीच होत नाही, हेही खरं आहे. गैरसमज टिकून राहतो तो त्यामुळेच. ज्यांचं निभावलं ते इतरांना तसंच सांगतात. शिवाय हिरडीतून येणारं रक्त डोळ्यांना दिसतं, रुग्ण घाबरतो, डॉक्टरही घाबरतात. झडपेवर धरणारी गुठळी कुणालाच दिसत नाही. ती मेंदूकडे निघाली की हात लुळा पडल्यावरच कळतं. हिरडी दाबून धरता येते, मेंदूतली रक्तवाहिनी नाही.

मग दाढ काढायची कशी? आधी आयएनआर तपासायचा, शक्यतो आदल्या चोवीस तासांतला. स्कॉटलंडच्या दंतवैद्यकीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तो ४ च्या खाली असेल, तर गोळी न थांबवता दात काढता येतो. एका वेळी थोडेच दात काढायचे, टाका घालायचा, गॉजचा बोळा घट्ट चावून धरायचा, लागलंच तर तो ट्रानेक्झॅमिक ॲसिडमध्ये भिजवायचा. शक्यतो सकाळची वेळ घ्यावी, म्हणजे रक्त पुन्हा आलं तरी दवाखाना उघडा असतो.

खरी गडबड अनेकदा नंतर होते, आणि तिचं खापर उगाच या गोळीवर फुटतं. दाढ काढल्यावर सवयीने लिहून दिलं जाणारं मेट्रोनिडाझोल वॉर्फरिन आणि ॲसिनोकुमॅरॉलचा असर बराच वाढवतं. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो. चौथ्या-पाचव्या दिवशी हिरडी वाहू लागली, तर आधी औषधांची चिठ्ठी पाहावी.

दुसरा गैरसमज पैसेवाल्या घरांतून जास्त ऐकू येतो: ‘नव्या गोळ्यांना तपासणी लागत नाही, त्याच घ्या.’ अनियमित ठोक्यांच्या अनेक रुग्णांसाठी त्या उत्तम आहेत. कृत्रिम झडपेसाठी नाहीत. यातल्या डॅबिगॅट्रानची कृत्रिम झडपेच्या रुग्णांवरची चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्याने थांबवावी लागली. निष्कर्ष २०१३ मध्ये छापून आले. संधिवाताच्या तापाने झडप खराब होऊन ठोके बिघडलेल्या सुमारे साडेचार हजार रुग्णांत, २०२२ च्या इन्व्हिक्टस अभ्यासानुसार, रिव्हरोक्साबॅन या नव्या गोळीपेक्षा जुनी गोळीच सरस ठरली. बदल योग्य असला तरी एक डबी ठेवून दुसरी उघडली असं चालत नाही. जुनी बंद करून आयएनआर ठरावीक पातळीखाली उतरल्यावरच नवी सुरू होते. ॲपिक्साबॅन आणि डॅबिगॅट्रानसाठी ती पातळी २.

‘ॲस्पिरिनही रक्त पातळच करते.’ करते, पण झडपेला ती पुरत नाही. कृत्रिम झडपेच्या शंभर रुग्णांत वर्षाला मोठ्या गुठळीचा धोका औषधाविना सुमारे चार, ॲस्पिरिनसारख्या औषधांवर दोन आणि वॉर्फरिनच्या जातीच्या गोळीवर एक, असं १९९४ च्या एका विश्लेषणात दिसलं.

‘पालेभाजी बंद.’ बंद नको, प्रमाण सारखं ठेवावं. श्रावणात एकदम रोज पालेभाजी सुरू झाली तर तिच्यातल्या के जीवनसत्त्वामुळे आयएनआर उतरतो, म्हणून तेव्हा तपासणी करून घ्यावी.

‘गोळी कधीच थांबवायची नाही.’ हेही चूक. पोटाच्या किंवा मेंदूच्या मोठ्या ऑपरेशनआधी ती थांबवावीच लागते, आणि तारखा हृदयाचे व शस्त्रक्रियेचे डॉक्टर मिळून ठरवतात.

ज्यांनी कुणाच्या सांगण्यावरून गोळी आधीच बंद केली आहे, त्यांनी आजच आपल्या डॉक्टरांना फोन करावा. राहिलेले डोस मनानेच एकदम घेऊ नयेत. तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं किंवा एका बाजूची ताकद गेली, तर सकाळपर्यंत थांबू नये. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन योग्य रुग्णाला पहिल्या साडेचार तासांत द्यावं लागतं, आणि भिवंडीहून ठाण्याकडे जाताना वाहतुकीतला वेळही त्यातच मोजायचा असतो.