बोंड शाबूत, सरकी फस्त

जुन्या जालन्यातून बाहेर पडलं की खरिपात दुतर्फा कपाशीच. बोंड बाहेरून हिरवंगार. फोडलं, तर आत डागाळलेला कापूस आणि पोखरलेली सरकी. चोर शिरला कुठून?

गुलाबी बोंडअळीचा पतंग पात्या, फुलं, कोवळ्या बोंडांवर अंडी घालतो. इवलीशी अळी बारीक छिद्र पाडून आत जाते आणि बोंड वाढताना छिद्र बुजतं. चोराने आत शिरून दारच लिंपून टाकावं, तसं! मग फवारा पोहोचणार कसा?

म्हणून खूण आधीच ओळखायची. अळीने पाकळ्या आतून बांधल्याने न उमललेलं फूल म्हणजे डोमकळी. जोडीला कामगंध सापळे: मादीच्या वासाला भुलून नर अडकतात. एका सापळ्यात सलग 3 रात्री 8-8 पतंग आले, की फवारणीची वेळ झाली.

2002 साली भारतात बोंडअळीला मारणारं विष झाडातच असलेला बीटी कापूस आला. पहिली वाणं जालन्याच्याच महिको या बियाणे कंपनीची. पुढे ही अळी त्या विषालाही पुरून उरली.

हंगाम संपला, की ती जोडलेल्या सरक्यांत झोपून राहते. त्यामुळे डिसेंबरअखेर पऱ्हाट्या उपटायच्या, फरदड, म्हणजे त्याच झाडांचं लांबवलेलं पीक, घ्यायची नाही. सरकी साठलेल्या जिनिंगच्या आवारातही सापळे लावतात.