नॅनो कण कसे तयार होतात? केसाएवढ्या नळीतील मिश्रणाचे तंत्र

कृषि सेवा केंद्रात 'नॅनो' असे छापलेल्या बाटल्या आता सर्रास दिसतात. हे नॅनो कण म्हणजे काय, ते कसे तयार करतात आणि खरेदी करताना काय पहावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

नॅनो कण म्हणजे काय?

एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. साधारणपणे १०० नॅनोमीटरपर्यंतच्या कणांना नॅनो कण म्हणतात. डोक्याचा केस सुमारे ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. कण बारीक झाला की पृष्ठभाग वाढतो. एक मिलिमीटर लांब, रुंद व उंच खड्याचा पृष्ठभाग अवघा ६ चौरस मिलिमीटर असतो. त्याच खड्याचे १०० नॅनोमीटरचे तुकडे केल्यास एकूण पृष्ठभाग ६०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे जवळपास फुलस्केप कागदाच्या एका बाजूएवढा होतो. मात्र सर्व कण सारखेच बारीक असतील तरच हा पूर्ण फायदा मिळतो.

बोर्डो मिश्रणाचे उदाहरण

द्राक्ष बागायतदारांना बोर्डो मिश्रण परिचित आहे. एक किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात व एक किलो कळीचा चुना ५० लिटर पाण्यात वेगवेगळा विरघळवून, दोन्ही द्रावणे एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतून ढवळावीत, अशी शिफारस आहे. असे केल्यास निळसर, मऊ साका तयार होतो व तो पानाला चांगला चिकटतो. घट्ट द्रावणे कशीही एकत्र केली तर साका जाडसर होऊन तळाशी बसतो. द्रव्ये तीच, प्रमाणही तेच, फक्त मिसळण्याची पद्धत बदलली.

याचे कारण सोपे आहे. द्रावण ओतले त्या जागी कण लगेच तयार होतात आणि पुढे वाढून मोठे होतात. इतर ठिकाणी ते उशिरा तयार होतात. मागेपुढे पेरलेल्या शेतात रोपे लहानमोठी दिसतात, तसेच हे आहे. सर्व द्रावण क्षणात सारखे मिसळले, तर असंख्य कण एकदमच जन्मतात व द्रव्य सर्वांत सारखे वाटले जाते. बोर्डोचे कण नॅनोपेक्षा मोठे असले तरी तत्त्व हेच आहे.

केसाएवढी नळी

बादलीत असे क्षणात मिसळणे शक्य नाही. म्हणून काच किंवा प्लॅस्टिकच्या लहान पट्टीत केसासारख्या बारीक नळ्या कोरतात. या साधनांच्या शास्त्राला मायक्रोफ्लुइडिक्स म्हणतात. इतक्या अरुंद नळीत प्रवाहाला भोवरे पडत नाहीत. पुराच्या दिवसांत संगमाखाली गढूळ व निवळ पाणी काही अंतर शेजारी शेजारी वाहते, तशी दोन द्रावणे वाहतात आणि एकमेकांत झिरपून मिसळतात. प्रवाहाची रुंदी दहापट कमी केली तर या झिरपण्यास लागणारा वेळ शंभरपट कमी होतो. म्हणून मधल्या प्रवाहाला दोन्ही बाजूंच्या प्रवाहांनी दाबून अगदी पातळ करतात. सन २००२ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी नळीच्या तळाशी माशाच्या काट्यासारख्या तिरप्या खाचा ठेवून मिश्रण आणखी जलद केले. प्रवाहाचा वेग कमीजास्त करून कणाचा आकार ठरविता येतो.

मर्यादा

अशा एका नळीतून मिनिटाला थोडेच मिलिलिटर द्रावण मिळते व ती तुंबू शकते. जास्त उत्पादनासाठी अनेक नळ्या जोडाव्या लागतात. त्यामुळे हे तंत्र सध्या औषधे व लशी यांसारख्या, मात्रा अल्प पण किंमत जास्त असलेल्या वस्तूंसाठी अधिक सोयीचे आहे. बाजारातील प्रत्येक नॅनो खत याच पद्धतीने बनते, असे समजू नये.

खरेदीपूर्वी हिशेब करा

कण बारीक केल्याने अन्नद्रव्याचे वजन वाढत नाही. सन २०२१ मध्ये आलेल्या नॅनो युरियात ४ टक्के नत्र होते, म्हणजे ५०० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे २० ग्रॅम. वीस टक्के नत्राच्या बाटलीत ते सुमारे १०० ग्रॅम भरते. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत मात्र २०.७ किलो नत्र असते. पंजाब कृषि विद्यापीठाच्या दोन वर्षांच्या चाचणीत नत्राची शिफारशीत मात्रा कमी करून नॅनो युरिया फवारल्यावर भात व गव्हाचे उत्पादन घटल्याचे आढळून आले.

यास्तव पुढील काळजी घ्यावी :

१. माती परीक्षणानुसार द्यावयाची नत्राची मात्रा केवळ फवारणीच्या भरवशावर कमी करू नये.

२. बाटलीवरील अन्नद्रव्याचे प्रमाण, बॅच क्रमांक, अंतिम मुदत आणि खत नियंत्रण आदेशानुसार असल्याचा उल्लेख तपासावा. पक्की पावती घ्यावी.

३. प्रथम थोड्या क्षेत्रावर वापर करावा, शेजारी न फवारलेला पट्टा ठेवावा आणि दोन्हींचे उत्पादन वेगळे मोजावे.

आपल्या शेतातील वजनकाट्याचा निकाल पाहूनच पुढील हंगामाचा निर्णय घ्यावा.