खणाच्या पडद्याची मागची बाजू

रात्री अकरा वाजता पडदा दांडीवर चढवला, दिवा लावला, आणि मधल्या पट्टीतले सगळे मोर डोकं खाली करून उभे! दुसऱ्या दिवशी मावसबहिणीकडे वास्तुशांत होती. कलमकारीच्या तीन पट्ट्या जोडताना मधली फिरली होती, आणि मी दिवसभर कापडाच्या उलट्या बाजूनेच काम करत असल्यामुळे ते लक्षात आलं नव्हतं. वरचं बकरम काढलं, दोन्ही शिवणी उसवल्या, पट्टी फिरवली. शेवटचा टाका पडला तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते. तेव्हापासून कात्री खाली ठेवण्याआधी प्रत्येक तुकड्याच्या मागे खडूने वर जाणारा बाण काढते. बाण नसलेला तुकडा मशीनपाशी जात नाही.

घरी येणाऱ्या बायका आधी विचारतात, कापड किती आणू? खिडकी पाच फुटांची असेल तर चुण्या पडायला दुप्पट रुंदी हवी, म्हणजे १२० इंच. कापडाचा पन्हा ४८ इंच असला की तीन पट्ट्या लागतात. सात फूट उंचीला वरची-खालची दुमड धरून ९४ इंच होतात. इथपर्यंत सगळ्या बरोबर येतात. पण नक्षी दर २५ इंचांनी पुन्हा येत असेल, तर प्रत्येक पट्टी १०० इंचांची कापावी लागते, नाहीतर शेजारशेजारच्या पट्ट्यांतली फुलं जुळत नाहीत. तीन पट्ट्यांत अर्धा मीटर कापड जास्त जातं. हा अर्धा मीटर वाचवून आणलेलं कापड मी परत पाठवलं आहे. वाईट वाटतं, पण अर्धवट कापलेलं फूल रोज डोळ्यांसमोर राहण्यापेक्षा ते बरं.

अस्तराला मी मांजरपाट वापरते. आमच्याच इमारतीतल्या एका काकूंच्या पडद्यांना मी घाईत न धुतलेला मांजरपाट लावला होता. पहिल्या धुण्यात तो तीन इंच आटला. पुढचं कापड होतं तेवढंच राहिलं, आणि अस्तर खालीही शिवून टाकलेलं असल्यामुळे पडदा पोटात हवा भरल्यासारखा फुगला. काकू काही बोलल्या नाहीत, आणि त्यांचं ते गप्प राहणं मला फार लागलं. आता अस्तर रात्रभर पाण्यात भिजतं, वाळतं, इस्त्री होतं, मगच कापलं जातं. खालची दुमड दोन्हीची वेगळी, आणि अस्तर पुढच्या कापडापेक्षा इंचभर आखूड.

एवढ्या खटाटोपापेक्षा नुसता पडदा का नको, असं विचारणाऱ्यांना मी आत्याचा जुना पडदा उलगडून दाखवते. पश्चिमेच्या खिडकीत दोन वर्षं बिनअस्तराचा लटकला होता. चुणीची काचेकडची कड रंग उडून पिवळट झाली, आत दडलेला भाग मात्र गडद राहिला. मूळ कापडावर पट्टे नव्हते, ते उन्हाने काढले.

माझं सगळ्यात लाडकं काम खणाचं. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा खण पन्ह्याला साधारण ३१ इंच. पाच फुटांच्या खिडकीला चार पन्हे पुरतात. दोन पडदे, प्रत्येकात दोन पन्हे. जोडताना दोन काठ एकमेकांना भिडतात आणि पडद्याच्या मधोमध जोडकाठ उभा राहतो. हा काठ लपवायचा की दाखवायचा, यावर आईचा आणि माझा आठवडाभर वाद चालला. आईचं म्हणणं, काठ दुमडीत घाल, पडदा एकसंध दिसेल. मी तो दाखवला. खण काठावरून ओळखला जातो, असं माझं ठाम मत आहे. पण दाखवायचा तर अस्तर हवंच, कारण उजेड मागून आला की शिवणीची आतली दुमड काळ्या दोरीसारखी उमटते.

अस्तर जोडून झालं की खालची दुमड लगेच घालायची नाही. पडदा तीन दिवस तसाच लटकू द्यायचा. स्वतःच्या वजनाने कापड उतरतं, एखादी बाजू अर्धा इंच जास्तच. मग जमिनीपासून माप घ्यायचं आणि दुमड हाताने शिवायची. माझ्या खणाच्या दोन्ही पडद्यांच्या कोपऱ्यांत चार-चार आण्यांची नाणी आहेत, मांजरपाटाच्या छोट्या पिशवीत शिवलेली. २०११ साली ती व्यवहारातून गेली तेव्हा आईच्या डब्यात मूठभर उरली होती. त्यांच्या वजनाने पडदा वाऱ्यात सरळ राहतो.

ते पडदे आता लेकीच्या घरी आहेत. अस्तर दोनदा बदललं. खण तोच आहे.