मासा उपग्रहाला दिसतो का?

आठवीच्या वर्गात आम्ही उपग्रहांविषयी शिकवत होतो. मिरकरवाड्याचा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, आमच्या अब्बांच्या मोबाइलवर मासळीचा संदेश येतो. पण दादा हसतात. म्हणतात, पाण्यातला मासा आभाळातून कसा दिसेल?"

दादांचे म्हणणे खरे आहे. उपग्रहाला मासा दिसत नाही, पण माशाचे खाणे कुठे आहे ते कळते. समुद्राच्या वरच्या थरात अतिसूक्ष्म वनस्पती वाढतात. त्यांच्यातील हरितद्रव्यामुळे पाण्याचा रंग बदलतो. सुमारे ७२० किलोमीटर उंचीवरून फिरणारे आपले ओशनसॅट उपग्रह हा रंग टिपतात. या मालिकेतील पहिला उपग्रह मे १९९९ मध्ये सुटला, तिसरा नोव्हेंबर २०२२ मध्ये. दुसरी उपकरणे पाण्याच्या पृष्ठभागाचे तापमान मोजतात. थंड आणि उबदार पाणी जिथे एकमेकांना भिडते आणि हिरवेपणाही जास्त असतो, तिथे तारली, बांगडा यांसारखी मासळी जमण्याची शक्यता अधिक. त्यांच्यामागून सुरमई, कुपा येतात.

हैदराबादची 'इन्कॉइस' ही सरकारी संस्था या माहितीवरून अंदाज तयार करते. कोणत्या बंदरापासून किती अंतरावर, कोणत्या दिशेला, किती खोल पाण्यात जाळे टाकावे, हे त्यात असते. तो मराठीतूनही मिळतो. शोधाशोध कमी झाली की डिझेल वाचते. मात्र ढग दाटले की ही उपकरणे आंधळी होतात. शिवाय अंदाज दोन-तीन दिवसांतच शिळा होतो. तेव्हा दादांचा वारा-पाण्याचा अनुभव हवाच.

याच आभाळातल्या डोळ्यांचा दुसरा उपयोग आम्हांला जास्त मोलाचा वाटतो. नोव्हेंबर २००९ चे 'फयान' वादळ आपल्या किनाऱ्यावरची घरे विसरलेली नाहीत. होड्या समुद्रात होत्या आणि बायका-मुले बंदरावर वाट पाहत होती. काहींची वाट संपलीच नाही. ३ जून २०२० ला 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. दापोली-मंडणगडात घरांची छपरे उडाली, नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या. परंतु उपग्रहांच्या छायाचित्रांवरून वादळाची वाट आधीच कळली होती, म्हणून किनाऱ्यावरची हजारो माणसे वेळेत हलवता आली.

मात्र अडचण अजून आहे. होडी खोल समुद्रात गेली की मोबाइलची रेंज सुटते. त्यासाठी २०१९ मध्ये 'जेमिनी' नावाचे उपकरण आले. ते उपग्रहामार्फत इशारा थेट होडीवर पोहोचवते. मात्र होडीवरून उलट निरोप त्यातून पाठवता येत नाही.

आणखी एक प्रश्न त्याच मुलाने विचारला. "मासळी कुठे आहे ते सगळ्यांनाच कळले, तर मोठे पर्ससीनवाले आधी पोहोचतील ना?" आम्ही क्षणभर गप्प झालो. संदेश सर्वांना सारखाच मिळतो, पण इंजिन सर्वांचे सारखे नसते. पर्ससीनवर राज्य सरकारने २०१६ मध्ये निर्बंध घातले. समुद्रात किती मासळी शिल्लक ठेवायची, हे कोणताही उपग्रह ठरवून देत नाही. ते आपल्यालाच ठरवावे लागेल. पावसाळ्याची मासेमारी बंदी मनापासून पाळणे ही त्याची सुरुवात आहे.

आमच्या भगिनींना एकच विनंती. होडी निघण्याआधी घरातल्या शिकलेल्या मुला-मुलीला हवामानाचा आणि समुद्राचा इशारा मोठ्याने वाचायला सांगा. लाटांचा इशारा असेल तर "आज राहू द्या" म्हणायला कचरू नका. एका दिवसाची कमाई बुडेल, पण माणूस घरी राहील. त्या मुलाला आम्ही हेच काम दिले आहे. आता तो रोज संध्याकाळी वाचतो आणि दादा शेजारी बसून ऐकतात.