थेंबभर रक्त आणि कार्बनची नळी

‘ट्रान्झिस्टर’ म्हटलं की अजूनही अनेकांच्या डोळ्यांपुढे चामडी कव्हरातला, खांद्याला अडकवायचा रेडिओ येतो. त्या खोक्याला हे नाव मिळालं ते आतल्या एका छोट्याशा भागावरून. आज मी बोलणार आहे त्या भागाविषयीच. पण गाणी ऐकवणाऱ्या नव्हे, रक्तातला रोग ओळखू पाहणाऱ्या ट्रान्झिस्टरविषयी.

बागेला पाणी घालायची रबरी नळी आठवा. नळीवर पाय दिला की धार बारीक होते, उचलला की पुन्हा जोर धरते. ट्रान्झिस्टरमध्ये पाण्याच्या जागी विजेचा प्रवाह असतो आणि पायाच्या जागी विद्युतभार. थोडासा भार जवळ आला की प्रवाह बदलतो. आता हा भार एखाद्या रोगाची खूण असलेल्या रेणूनंच आणला तर? प्रथिनं, डीएनए यांच्या अंगावर विद्युतभार असतोच. रेणू येऊन टेकला, प्रवाह बदलला, आपल्याला कळलं! कल्पना तशी जुनी. हॉलंडच्या पीट बर्गवेल्ड यांनी १९७० मध्येच द्रवातले आयन ओळखणारा ट्रान्झिस्टर मांडला होता.

मग नवं काय? नवी आहे ती नळी. पेन्सिलीतल्या ग्राफाइटचा अणूएवढ्या जाडीचा एकच थर घ्या आणि त्याची सुरळी करा. झाली कार्बन नॅनोट्यूब! जपानच्या सुमिओ इजिमा यांनी १९९१ मध्ये अशा नळ्यांकडे जगाचं लक्ष वेधलं. एकाच थराची नळी हाती आली १९९३ मध्ये. तिचा व्यास एक-दोन नॅनोमीटर. आपल्या केसाची जाडी सुमारे ८०,००० नॅनोमीटर असते, यावरून अंदाज करा. या नळीला ‘आत’ असं काही नाही. तिचा प्रत्येक अणू पृष्ठभागावर आणि वीज वाहते तीही तिथूनच. साहजिकच बाहेरून काही टेकलं की सगळ्या प्रवाहाला ते जाणवतं. १९९८ मध्ये हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या प्रयोगशाळेत अशा एका नळीचा ट्रान्झिस्टर झाला आणि २००३ मध्ये तिथेच नळीवर विकर, म्हणजे एन्झाइम, चिकटवून द्रावणातलं ग्लुकोज ओळखण्यात आलं.

तुम्ही म्हणाल, रक्त तपासायला लॅब आहेतच की. आहेत. पण नेहमीच्या ‘एलायझा’ तपासणीत हव्या त्या प्रथिनाला आधी पकडायचं, धुवायचं, मग रंग आणणारी खूण चिकटवायची, पुन्हा धुवायचं. यात तास जातात. छातीत कळ येऊन कुणी तालुक्याच्या दवाखान्यात आलं, तर काही वेळा ईसीजीत काहीच दिसत नाही. हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचं सांगतं ते रक्तातलं ट्रोपोनिन. लगेच निकाल देणाऱ्या कार्डावरच्या चाचण्या मिळतात, पण त्यांतल्या बहुतेकींना सुरुवातीचं अत्यल्प प्रमाण दिसत नाही. रुग्णाला पुढे पाठवायचं की नाही, हे अशा वेळी ठरवायचं असतं. रंग नको, धुणं नको, थेट विजेत उत्तर देणारी चिप हवी, ती यासाठी.

खरी गोम पुढेच आहे. रक्त खारट असतं. भारित रेणूभोवती मिठाचे उलट भाराचे आयन लगेच गोळा होतात. पुढाऱ्याभोवती कार्यकर्त्यांचा गराडा पडावा आणि चार पावलांवरून पुढारी दिसूच नये, तसं. भार जिथपर्यंत जाणवतो, त्या अंतराला ‘डिबाय लांबी’ म्हणतात. रक्तात ती जेमतेम पाऊण नॅनोमीटर! रेणू पकडायला नळीवर बसवलेलं प्रतिपिंड मात्र स्वतःच दहा नॅनोमीटरच्या घरात. म्हणजे रेणू पकडला जातो, पण इतक्या लांब की नळीला पत्ताच लागत नाही. रक्तात शंभरपट पाणी घातलं तर ही लांबी दहापट वाढते. पण त्याबरोबर आपण शोधतोय तो रेणूही शंभरपट विरळ होतो. म्हणूनच, नव्या संवेदकाच्या चमत्काराची बातमी आली की मी आधी पाहतो : प्रयोग रक्तात केलाय, की मीठ कमी केलेल्या द्रावणात? बऱ्याचदा उत्तर दुसरंच निघतं.

यावर एक तोड जपानी संशोधकांनी २००७ मध्ये दाखवली. मोठ्या प्रतिपिंडाऐवजी त्यांनी ‘ॲप्टामर’ वापरले. हे डीएनएचे आखूड, घडी पडलेले तुकडे. ठरावीक रेणूलाच धरतात आणि नळीला खेटून बसतात. ॲलर्जीशी संबंधित आयजीई हे प्रथिन त्यांनी असं पकडलं. रक्तातली बाकीची प्रथिनं उगाच चिकटून खोटा इशारा देऊ नयेत म्हणून नळीला न चिकटणारा लेपही द्यावा लागतो. त्याचा मार्ग स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००३ मध्येच दाखवला होता.

उरतो तो नळ्यांचाच प्रश्न. एका घाण्यातून निघालेल्या नळ्यांपैकी साधारण एक तृतीयांश धातूसारख्या वागतात. त्यांच्यातला प्रवाह कशानेही अडत नाही, म्हणून त्या वेचून काढाव्या लागतात. २०२१ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठातल्या अलेक्झांडर स्टार यांच्या गटानं अशा निवडलेल्या नळ्यांवर कोरोना विषाणूची प्रथिनं ओळखली, रुग्णांच्या नाकातल्या नमुन्यांतूनसुद्धा. रक्ताचं काम याहून अवघड. तिथे हव्या त्या एका रेणूमागे नको असलेले कोट्यवधी असतात. शिवाय एकाच थेंबाला हजार चिपांनी एकच आकडा सांगायला हवा आणि नळ्यांचं जाळं तर प्रत्येक चिपवर थोडं वेगळंच पडतं.