रडारने मिळवून दिलेली मिनिटे

७ मे २०२५ रोजी देशभर हवाई हल्ल्यापासून बचावाचा सराव झाला. त्यासाठी केंद्र सरकारने ठिकाणांचे गट पाडले होते. सर्वांत जोखमीच्या पहिल्या गटात महाराष्ट्रातली मुंबई, उरण आणि तारापूर ही नावे होती, तर गुजरातमधली सुरत, वडोदरा आणि काक्रापार. सुरतेचे नाव तिथे का आले, हे नकाशा उघडला की लगेच ध्यानात येते. तापीच्या मुखाशी हजिरा आहे. तिथे गॅस प्रक्रिया केंद्र, द्रवरूप गॅसचा धक्का, खताचा कारखाना, पोलादाचा कारखाना आणि लष्करासाठी ‘के-९ वज्र’ तोफा घडवणारा लार्सन अँड टुब्रोचा प्रकल्प, हे सगळे एका किनारपट्टीवर दाटीने उभे आहे. तापीच्या वरच्या अंगाला काक्रापारची अणुवीज केंद्रे आणि त्याहून वर उकाईचे धरण. मधल्या भागात हिऱ्यांचे आणि कापडाचे शहर. या शहरातल्या उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या वस्त्यांत ताप्ती रेल्वेलाईनने आलेला खानदेश पिढ्यान्‌पिढ्या राहतो आहे.

अशा शहराचे आकाश कसे राखायचे? रडार बसवा, तोफा आणि क्षेपणास्त्रे आणा, एवढे उत्तर पुरेसे वाटते. पण गेल्या शतकातल्या लढायांचा, विशेषतः बेटांवरच्या लढायांचा इतिहास याहून वेगळे सांगतो. बेटाला माघार घ्यायला जागा नसते. शत्रू समुद्रावरून येतो आणि इशारा मिळून बॉम्ब पडेपर्यंत हाताशी मोजकी मिनिटे असतात. त्यामुळे हवाई संरक्षणाचे बळ आणि उणिवा बेटांवर लख्ख दिसतात.

माल्टा : पाहणे आणि कळवणे

भूमध्य समुद्रातले माल्टा हे मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीहून लहान बेट. मार्च १९३९ मध्ये तिथल्या डिंगलीच्या कड्यावर ब्रिटिशांनी रडार उभारले. ब्रिटनबाहेर बसवलेले ते त्यांचे पहिले रडार. ११ जून १९४० रोजी इटलीच्या विमानांनी माल्टावर पहिले बॉम्ब टाकले आणि पुढची दोनेक वर्षे बेटाने त्या काळातला सर्वांत कडवा भडिमार सोसला. तरी बेट पडले नाही. त्यात वैमानिकांच्या शौर्याइतकाच वाटा जमिनीखालच्या एका खोलीचा होता.

व्हॅलेटा शहराखालच्या बोगद्यांत नियंत्रण कक्ष होता. रडारवरचा माणूस पडद्यावरचा ठिपका वाचून अंतर आणि दिशा टेलिफोनवर सांगे. कक्षातल्या मोठ्या टेबलावर नकाशा मांडलेला असे. त्यावर कर्मचारी लांब काठीने खुणेच्या सोंगट्या सरकवत. वरच्या सज्जात बसलेला अधिकारी त्या पाहून ठरवी की कोणती विमाने उडवायची, कोणत्या तोफांना सावध करायचे आणि भोंगा कधी वाजवायचा. ठिपका दिसल्यापासून निर्णय होईपर्यंतचा प्रत्येक टप्पा एकेका माणसाला नेमून दिलेला होता. त्याचा रोज सराव होई.

तोफेचाही हिशेब पाहण्यासारखा आहे. समजा, विमान पाच-सहा किलोमीटर उंचीवरून ताशी ३६० किलोमीटर वेगाने चालले आहे, म्हणजे सेकंदाला १०० मीटर. तोफेचा गोळा तिथवर पोहोचायला १५ ते २० सेकंद घेतो. तेवढ्या वेळात विमान दीड ते दोन किलोमीटर पुढे गेलेले असते. म्हणजे तोफ डागायची ती विमान जिथे असेल त्या रिकाम्या जागेवर, आणि गोळा त्याच उंचीवर फुटावा म्हणून फ्यूजची वेळही आधीच लावायची. रडार अंतर देते, गणकयंत्र पुढची जागा काढते, तोफखान्यातला जवान फ्यूज फिरवतो. यातली एक कडी पाच सेकंद रेंगाळली तर गोळा अर्धा किलोमीटर मागे फुटतो. जानेवारी १९४१ मध्ये ‘इलस्ट्रियस’ ही विमानवाहू नौका जखमी होऊन माल्टाच्या बंदरात आली, तेव्हा तोफखान्याने एकेका विमानावर नेम धरण्याऐवजी बंदरावरच्या ठरावीक आकाशात एकदम गोळ्यांची भिंत उभी केली. वैमानिकाला त्या भिंतीतून सूर मारूनच खाली यावे लागे. असा मारा शेकडो माणसांनी एका इशाऱ्यावर, एका क्षणी करायचा असतो.

सिलोन : रडार असून इशारा नाही

आपल्या शेजारचे उदाहरण सिलोनचे. ४ एप्रिल १९४२ च्या संध्याकाळी कॅनडाचे वैमानिक लिओनार्ड बर्चल यांनी कॅटालिना विमानातून जपानी आरमार पाहिले आणि पाडले जाण्याआधी खबर पाठवली. कोलंबो सावध झाले, बंदरातली बरीच जहाजे हलवली गेली. दुसऱ्या दिवशी, ईस्टरच्या रविवारी सकाळी, सुमारे सव्वाशे जपानी विमाने शहरावर आली. कोलंबोत रडार बसवलेले होते. तरीही वेळेवर इशारा मिळाला नाही. रत्मलानाच्या धावपट्टीवरची लढाऊ विमाने हल्लेखोर डोक्यावर आल्यानंतर उडाली.

चारच दिवसांनी, ९ एप्रिलला, त्रिंकोमालीत रडारने हल्लेखोर सुमारे ९० मैलांवर पकडले. विमाने आधीच आकाशात चढली, तोफा सज्ज राहिल्या. पण त्याच दिवशी बंदराबाहेर गेलेली ‘हर्मिस’ ही विमानवाहू नौका स्वतःच्या लढाऊ विमानांवाचून समुद्रावर सापडली. मदतीला निघालेली विमाने पोहोचली तोवर ती बट्टिकलोआजवळ बुडाली होती. तीनशेहून अधिक माणसे गेली. एकाच बेटावर, एकाच आठवड्यात, एकाच जातीच्या यंत्राने दोन वेगळे निकाल दिले. ५ आणि ९ एप्रिलच्या दरम्यान ६ तारखेला विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावरही बॉम्ब पडले. युद्ध आपल्या किनाऱ्याला येऊन भिडले होते.

दीव, द्वारका, सुथरी, भूज

पश्चिम किनाऱ्यावर बेटासाठीची लढाई झाली ती १८ डिसेंबर १९६१ रोजी. गोवा, दमण आणि दीव मुक्त करण्याच्या मोहिमेत हवाई दलाची आखणी एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांची होती. पुण्याहून कॅनबेरा विमानांनी दाभोळीची धावपट्टी फोडली आणि हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र बंद पाडले. खंभातच्या आखातापलीकडच्या दीवमध्येही पोर्तुगीजांजवळ लढाऊ विमाने नव्हती. ‘वेगा’ या छोट्या गस्ती नौकेने आपल्या २० मिलिमीटर तोफेने भारतीय विमानांना तोंड दिले आणि ती बुडाली, तिचा तरुण कप्तान मारला गेला. संपर्क तुटलेले, आकाशावर छत्र नसलेले बेट किती काळ टिकते, याचे उत्तर त्या दोन दिवसांत मिळाले.

चार वर्षांनी पारडे फिरले. ७ सप्टेंबर १९६५ च्या रात्री पाकिस्तानी आरमाराच्या सात नौकांनी द्वारकेवर साडेतीनशेच्या आसपास गोळे टाकले. त्यांच्या उद्दिष्टांत तिथले रडार होते. शत्रू आधी डोळा फोडायला येतो. भारतानेही त्याच महिन्यात सिंधमधल्या बदीनच्या रडार केंद्रावर कॅनबेरा विमाने धाडली.

त्या युद्धातली सर्वांत दुःखद घटना गुजरातचीच. १९ सप्टेंबर १९६५ रोजी मुख्यमंत्री बलवंतराय मेहता यांचे छोटे बीचक्राफ्ट विमान कच्छच्या सरहद्दीजवळ रडारवर दिसले. पाकिस्तानचे एक सेबर विमान त्याच्याकडे पाठवले गेले. पाकिस्तानी वैमानिक कैस हुसेन यांच्याच सांगण्यानुसार, त्यांनी हे नागरी विमान असल्याचे नियंत्रकांना कळवले, समोरच्या विमानाने दयेची खूण म्हणून पंखही हलवले, तरी पाडण्याचा हुकूम आला. सुथरी गावाजवळ विमान कोसळले. मुख्यमंत्री, त्यांच्या पत्नी सरोजबेन आणि बरोबरचे सगळे मृत्युमुखी पडले. हुसेन यांनी २०११ मध्ये मृत वैमानिक जहांगीर इंजिनीअर यांच्या मुलीला पत्र लिहून दुःख व्यक्त केले. ठिपका दिसला म्हणजे तो कोणाचा हे कळले असे होत नाही. ओळख पटवणारा माणूस आणि हुकूम देणारा माणूस यांच्यातले बोलणे नीट नसेल तर रडार निरपराधांचाही जीव घेते.

१९७१ मध्ये भूजच्या धावपट्टीवर पाकिस्तानी विमानांनी पुन्हा पुन्हा बॉम्ब टाकले. तळाचे प्रमुख होते नागपूरचे स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक. त्यांनी शेजारच्या माधापर गावाला हाक दिली. सुमारे तीनशे बायका आल्या आणि त्यांनी ७२ तासांत धावपट्टी विमान उडण्याजोगी केली. त्यांच्यातल्या काहींनी पुढे सांगितलेल्या आठवणी बोलक्या आहेत. वरून ओळखू येऊ नये म्हणून त्यांनी फिकट हिरव्या साड्या नेसल्या होत्या. भोंगा झाला की झुडपांत धावायचे आणि धोका टळल्याचा भोंगा झाला की लगेच कामाला भिडायचे. दूरवर कोठेतरी रडारने पाहिले, कोणीतरी फोन केला, कोणीतरी भोंग्याचे बटण दाबले, म्हणून त्या वाचल्या. रडारपासून साडीपर्यंत ती एकच साखळी होती.

फॉकलंड : खालून येणारे विमान

१९८२ मध्ये ब्रिटन आणि अर्जेंटिना फॉकलंड बेटांसाठी लढले. अर्जेंटिनाने पोर्ट स्टॅन्लीत दूरवर पाहणारे रडार आणि रडारवर चालणाऱ्या ३५ मिलिमीटर तोफा आणल्या होत्या. ४ मे रोजी गूज ग्रीनवर तशाच तोफांनी ब्रिटिश सी हॅरिअर पाडले. पण तीन दिवस आधी, १ मे रोजी, त्यांच्याच तोफांनी इंधन संपत आल्याने स्टॅन्लीवर उतरू पाहणारे अर्जेंटिनाचे मिराज विमान पाडले आणि वैमानिक गार्सिया क्वेर्वा ठार झाले. सुथरीसारखीच ही ओळखीची चूक, फक्त इथे गोळा आपल्याच माणसाला लागला.

ब्रिटिशांची अडचण वेगळी होती. पृथ्वी गोल असल्याने रडारला क्षितिजाखालचे दिसत नाही. ४ मे रोजी लाटांना लागून आलेल्या विमानांनी सोडलेले एक्झोसेट क्षेपणास्त्र ‘शेफिल्ड’वर आदळले आणि वीस खलाशी गेले. शेजारच्या ‘ग्लासगो’ने धोका ओळखून इशारा दिला होता, पण ‘शेफिल्ड’वर वेळेत हालचाल झाली नाही. उंचावरून पाहणारे रडार विमान त्या ताफ्याबरोबर नव्हते.

हे गणित सुरतेला लावून पाहू. तापीच्या मुखाशी जमीन सपाट आहे. २५ मीटर उंच मनोऱ्यावर रडार बसवले आणि विमान ३० मीटर उंचीवरून आखात ओलांडत आले, तर ते दिसेल सुमारे ४३ किलोमीटरवर. ताशी ९०० किलोमीटर वेगाने ते अंतर तीन मिनिटांच्या आत संपते. म्हणून एकटे रडार पुरत नाही. उंचावरचा डोळा लागतो, कमी उंचीवरचे हेरणारी रडारे लागतात आणि सर्वांची माहिती एका जागी यावी लागते. भारताने १९८० च्या दशकात ‘इंद्र’ हे रडार याच गरजेतून घडवले.

आजचे जाळे आणि आपले काम

मे २०२५ मध्ये या धड्यांची कसोटी लागली. ७ आणि ८ मेच्या रात्री पाकिस्तानने उत्तर आणि पश्चिम भारतातल्या पंधरा ठिकाणच्या लष्करी तळांवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रे सोडली, त्यांत भूजही होते. हवाई दलाची एकात्मिक नियंत्रण प्रणाली आणि भारत इलेक्ट्रॉनिक्सने बांधलेली लष्कराची ‘आकाशतीर’ यांनी अनेक रडारांचे चित्र एकत्र जोडले आणि प्रत्येक लक्ष्य कोणी पाडायचे हे ठरवून दिले. जुन्या एल-७० तोफाही सुधारून कामी आल्या. माल्टाच्या टेबलावर काठीने सरकणाऱ्या सोंगट्यांचे काम आता संगणक करतो, पण पाहणे, ओळखणे, कळवणे आणि मारा करणे हा क्रम तोच राहिला आहे. मार्च २०२४ मध्ये संरक्षण मंत्रालयाने जवळून मारा करणाऱ्या तोफप्रणालीसाठी सुमारे ७,६६९ कोटी रुपयांचा आणि शक्तिशाली रडारांसाठी सुमारे ५,७०० कोटी रुपयांचा करार लार्सन अँड टुब्रोशी केला. यंत्रांची बाजू भक्कम होते आहे, ही समाधानाची गोष्ट आहे.

साखळीची शेवटची कडी मात्र कोणताही करार विकत आणू शकत नाही. ती कडी म्हणजे शहरातली माणसे. मराठी वाचकाला सुरतेचाच जुना दाखला ठाऊक आहे. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज गणदेवीला आल्याची बातमी सुरतेत पोहोचली होती. तिथून ते उधन्यापर्यंत येईतो शहराजवळ वेळ होता. पण सुभेदार इनायतखानाने सैनिकांचे पगार उचलले होते आणि सैनिक ठेवलेच नव्हते. तो किल्ल्यात जाऊन बसला आणि शहर उघडे पडले. इशारा मिळूनही तयारी नसली की काय होते, हे या शहराने सोसलेले आहे.

आजची तयारी साधी आहे आणि ती आपल्या हातात आहे. चढउतार करत वाजणारा भोंगा म्हणजे हल्ल्याचा इशारा. एकसुरात वाजणारा भोंगा म्हणजे धोका टळला. एवढा फरक उधन्याच्या मागावर रात्रपाळी करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवा. कारखान्याचे मुख्य वीजबटण कोण बंद करणार, कामगार कोणत्या जिन्याने उतरणार, गॅसची नळी कोण बंद करणार, हे आधी ठरलेले असायला हवे. सूचना गुजरातीबरोबर मराठी, हिंदी आणि ओडियातही लागायला हव्यात, कारण सुरतेतले यंत्र ज्यांच्या हाताने चालते त्यांच्या भाषा या आहेत. मराठी मंडळे, गणेशोत्सवाचे कार्यकर्ते आणि कामगार संघटना यांना हे काम सहज पेलण्यासारखे आहे. गर्दी हाताळण्याचा त्यांचा हातखंडा आहे.

नागरी संरक्षण कायदा १९६८ पासून आहे आणि त्याखाली कोणीही प्रौढ नागरिक स्वयंसेवक होऊ शकतो. सुरतेत असाल, मुंबईत असाल किंवा तारापूर-उरणला, आपल्या जिल्ह्याच्या नागरी संरक्षण कार्यालयात जाऊन नाव नोंदवा आणि पुढच्या सरावाला घरच्यांना घेऊन या. रडार आपल्याला मिनिटे मिळवून देते. ती वाया घालवायची नाहीत, ही जबाबदारी आपली आहे.