क्लाऊड संगणन आणि विदेची जबाबदारी : काही मूलभूत संकल्पनांचे विवेचन

प्रस्तावना :

विद्यार्थ्यांचे प्रवेशअर्ज, परीक्षांचे निकाल, संशोधनाची टिपणे आणि कार्यालयीन पत्रव्यवहार या सर्वांची जागा आता कपाटातील फायलींकडून संगणकाकडे आणि संगणकाकडून ‘क्लाऊड’कडे सरकली आहे. या शब्दाचा वापर सर्वत्र होत असला, तरी त्यामागील संकल्पनांची जाण त्या प्रमाणात वाढलेली दिसत नाही. क्लाऊडवर ठेवलेली विदा आपोआप सुरक्षित होते, हा समज सामान्य वापरकर्त्यांत आहेच; सॉफ्टवेअर क्षेत्रातील व्यावसायिकही त्यापासून पूर्णतः मुक्त नाहीत.

या समजाची किंमत किती मोठी असू शकते, हे दक्षिण कोरियातील एका घटनेने दाखवून दिले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन शहरातील शासकीय विदाकेंद्रात लिथियम-आयन बॅटऱ्यांमुळे आग लागली. शासकीय कर्मचाऱ्यांनी आपली कामकाजाची कागदपत्रे जेथे ठेवावीत अशी अपेक्षा होती, ती ‘जी-ड्राइव्ह’ नावाची साठवणव्यवस्था या आगीत नष्ट झाली. तीत सुमारे ८५८ टेराबाइट विदा होती आणि तिची प्रत अन्यत्र ठेवलेली नव्हती. व्यवस्थेचे आकारमान फार मोठे असल्याने बाहेर बॅकअप घेणे शक्य झाले नाही, असे कारण देण्यात आले. तंत्रज्ञानात अग्रेसर असलेल्या राष्ट्रात असे घडावे, ही बाब विचार करावयास लावणारी आहे. या पार्श्वभूमीवर क्लाऊड संगणन आणि आधुनिक विदा-व्यवस्थापन यांतील काही मूलभूत संकल्पना स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. क्लाऊड संगणन म्हणजे काय?

वीज किंवा पाणी यांप्रमाणे संगणनही एक सार्वजनिक सेवा म्हणून पुरविता येईल, हा विचार जॉन मॅकार्थी यांनी १९६१ मध्येच मांडला होता. तो व्यापारी स्वरूपात साकार होण्यास मात्र चार दशकांहून अधिक काळ जावा लागला. २००६ मध्ये अ‍ॅमेझॉनने ‘एस-३’ ही साठवणसेवा आणि ‘ईसी-२’ ही संगणनसेवा सुरू केली. त्यामुळे सर्व्हर विकत न घेता तो तासांच्या हिशेबाने भाड्याने घेण्याची सोय झाली.

अमेरिकेतील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी या संस्थेने २०११ मध्ये केलेली व्याख्या आज सर्वत्र आधारभूत मानली जाते. तीनुसार क्लाऊडची पाच लक्षणे आहेत : मागणीनुसार स्वतः सेवा घेण्याची सोय, नेटवर्कमार्फत व्यापक उपलब्धता, अनेक ग्राहकांमध्ये साधनांचा सामाईक वापर, जलद लवचीकता आणि वापराचे मोजमाप. यांपैकी लवचीकता हे लक्षण शैक्षणिक क्षेत्रातील उदाहरणाने सहज कळते. निकालाच्या दिवशी संकेतस्थळावर काही तासच प्रचंड गर्दी होते. उरलेले वर्षभर तेथे तुरळक वर्दळ असते. त्या एका दिवसासाठी मोठे सर्व्हर विकत घेऊन वर्षभर पडून ठेवण्याऐवजी तेवढ्या तासांपुरती क्षमता वाढविणे आणि नंतर कमी करणे क्लाऊडमुळे शक्य होते.

सेवेचे तीन स्तरही याच व्याख्येत सांगितले आहेत. पहिल्या स्तरावर केवळ यंत्रणा म्हणजे सर्व्हर, साठवण व नेटवर्क मिळते. दुसऱ्या स्तरावर प्रणाली विकसित करून चालविण्यासाठी तयार व्यासपीठ मिळते. तिसऱ्या स्तरावर ई-मेलसारखे पूर्ण सॉफ्टवेअरच वापरावयास मिळते. स्तर जसजसा वाढतो, तसतशी ग्राहकाची तांत्रिक कामे कमी होतात आणि त्याबरोबर त्याचे नियंत्रणही कमी होते.

२. विदेचा विस्तार आणि विभागलेली साठवण

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधात्मक प्रतिमानामुळे विदेची मांडणी तक्त्यांच्या स्वरूपात होऊ लागली. बँका, विमा कंपन्या व विद्यापीठे यांचे व्यवहार आजही मुख्यतः याच पायावर चालतात. परंतु इंटरनेटच्या प्रसारानंतर विदेचे आकारमान, वेग आणि वैविध्य ही तिन्ही अंगे वाढली. एकाच सामर्थ्यवान संगणकावर सर्व विदा मावेनाशी झाली.

यावर गुगलच्या अभियंत्यांनी काढलेला मार्ग दिशादर्शक ठरला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गुगल फाइल सिस्टिम’वरील शोधनिबंधाने, साधे व स्वस्त संगणक मोठ्या संख्येने जोडून त्यांवर विदा वाटून ठेवण्याची पद्धत विशद केली. मोठी फाइल ६४ मेगाबाइटच्या तुकड्यांत विभागावयाची आणि प्रत्येक तुकड्याच्या सामान्यतः तीन प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवावयाच्या, असे तिचे सूत्र होते. यंत्र बिघडणे हा अपवाद नसून नित्याची बाब आहे, हे येथे आरंभीच गृहीत धरले होते.

अशा विखुरलेल्या विदेवर प्रक्रिया करण्याची ‘मॅपरिड्यूस’ ही पद्धत २००४ मध्ये पुढे आली. विद्यापीठाच्या ५० केंद्रांवरील निकालांतून प्रत्येक विषयात किती विद्यार्थी उत्तीर्ण झाले हे काढावयाचे आहे, असे समजू. सर्व कागद एका ठिकाणी आणण्याऐवजी प्रत्येक केंद्राने आपापल्या निकालातून विषयवार आकडे काढावेत. नंतर एकेका विषयाचे आकडे एकत्र करून त्यांची बेरीज करावी. पहिली पायरी ‘मॅप’, तर शेवटची ‘रिड्यूस’ होय. एखाद्या यंत्राचे काम अर्धवट राहिल्यास तेवढाच भाग दुसऱ्या यंत्राकडे सोपविता येतो. याच कल्पनांवर आधारलेली ‘हडूप’ ही मुक्त प्रणाली २००६ पासून विकसित होत गेली. पुढे ‘स्पार्क’सारख्या अधिक वेगवान प्रणाली आल्या, तथापि विदेकडे प्रक्रिया नेण्याचे मूळ तत्त्व कायम राहिले.

३. सुसंगतता की उपलब्धता?

एका विदेच्या अनेक प्रती ठेवल्या की त्या सर्व प्रती प्रत्येक क्षणी सारख्या असतील काय, हा प्रश्न उपस्थित होतो. एरिक ब्रूअर यांनी २००० मध्ये या संदर्भात एक विधान मांडले आणि २००२ मध्ये सेथ गिल्बर्ट व नॅन्सी लिंच यांनी त्याची सिद्धता दिली. हे विधान ‘कॅप सिद्धांत’ या नावाने ओळखले जाते.

समजा, प्रवेशाची एकच जागा शिल्लक आहे आणि तिची नोंद मुंबई व पुणे येथील दोन सर्व्हरवर आहे. या दोहोंमधील संपर्क तुटला असता दोन्ही ठिकाणी एकेक विद्यार्थी अर्ज करतो. दोन्ही सर्व्हरनी उत्तर द्यावयाचे ठरविल्यास एकच जागा दोघांना दिली जाण्याचा धोका आहे. येथे उपलब्धता टिकली, पण सुसंगतता गेली. उलट, संपर्क पूर्ववत होईपर्यंत एका सर्व्हरने थांबावयाचे ठरविल्यास नोंद अचूक राहते, परंतु एका विद्यार्थ्याला तत्काळ सेवा मिळत नाही. संपर्क तुटलेला असताना दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधता येत नाहीत, हे या सिद्धांताचे सार होय.

यांपैकी काय निवडावे, याचे उत्तर विदेच्या स्वरूपावर अवलंबून असते. सूचनाफलकावरील वाचकसंख्या काही सेकंद मागे राहिली तर बिघडत नाही. प्रवेशाची जागा किंवा बँकेतील शिल्लक याबाबत ते चालणार नाही. म्हणूनच ही निवड निव्वळ तांत्रिक नसते. कोणती चूक सहन करता येईल आणि कोणती येणार नाही, हे ती व्यवस्था वापरणाऱ्यांनी ठरवावयाचे असते.

४. उपलब्धता, टिकाऊपणा आणि बॅकअप

या तीन संज्ञांची गल्लत हे अनेक हानींचे मूळ आहे. उपलब्धता म्हणजे हवी तेव्हा सेवा मिळणे. ९९.९ टक्के उपलब्धता ऐकावयास भक्कम वाटते. प्रत्यक्षात तिचा अर्थ वर्षाकाठी सुमारे पावणेनऊ तास सेवा बंद राहू शकते असा होतो. ९९.९९ टक्के असल्यास हा काळ सुमारे ५३ मिनिटांवर येतो. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी अ‍ॅमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनिया येथील केंद्रसमूहात दुरुस्ती करताना एका आज्ञेत चूक झाली, अपेक्षेपेक्षा अधिक सर्व्हर बंद पडले आणि ‘एस-३’वर अवलंबून असलेली असंख्य संकेतस्थळे काही तास ठप्प झाली. येथे उपलब्धता खंडित झाली, विदा मात्र नष्ट झाली नाही.

विदा नष्ट न होणे म्हणजे टिकाऊपणा. तो अनेक प्रतींतून साधला जातो. एका ठरावीक काळात एक प्रत नष्ट होण्याची शक्यता शंभरात एक मानली, तर तिन्ही प्रती नष्ट होण्याची शक्यता दहा लाखांत एक एवढी अल्प ठरते. मात्र या प्रती परस्परांपासून स्वतंत्र असतील, तरच हे गणित खरे. तिन्ही प्रती एकाच इमारतीत असल्यास एकच आग त्या सर्वांना पुरेशी ठरते. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ‘ओव्हीएच’ कंपनीचे एक विदाकेंद्र आगीत भस्मसात झाले, तेव्हा ज्या ग्राहकांनी दुसऱ्या ठिकाणी प्रत ठेवली नव्हती त्यांपैकी अनेकांची विदा कायमची गेली.

प्रतिकृती आणि बॅकअप यांतही भेद आहे. प्रतिकृती मूळ विदेतील प्रत्येक बदलाचे तंतोतंत अनुकरण करते. मूळ नोंद चुकून पुसली गेली, तर प्रतिकृतीतूनही ती तितक्याच तत्परतेने पुसली जाते. बॅकअप ही मात्र भूतकाळातील एका क्षणाची जपून ठेवलेली स्थिती असते. तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे आणि किमान एक प्रत दूरच्या ठिकाणी, हा रूढ नियम म्हणूनच आजही उपयुक्त आहे. त्याला आणखी एका दक्षतेची जोड हवी. ३१ जानेवारी २०१७ रोजी ‘गिटलॅब’ या कंपनीत मुख्य विदासंचय चुकून पुसला गेला, तेव्हा बॅकअपच्या अनेक पद्धती प्रत्यक्षात चालतच नसल्याचे उघड झाले. सुमारे सहा तासांपूर्वीची एक प्रत योगायोगाने हाती असल्याने मोठा अनर्थ टळला. ज्या बॅकअपमधून विदा परत आणून पाहिलेली नाही, त्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

५. जबाबदारीची विभागणी आणि भारतीय संदर्भ

क्लाऊड सेवा देणाऱ्या कंपन्या सामान्यतः सामाईक जबाबदारीचे तत्त्व स्वीकारतात. इमारत, वीज, यंत्रे व मूळ नेटवर्क यांची काळजी कंपनी घेते. विदा कोणाला पाहता येईल, पासवर्ड कसे असतील आणि बॅकअप कोठे असेल, हे ग्राहकाने ठरवावयाचे असते.

भारतातही हा विषय आता दूरचा राहिलेला नाही. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने पुणे, मुंबई व चेन्नई येथून, तर २०१६ मध्ये अ‍ॅमेझॉनने मुंबईतून क्लाऊड सेवा सुरू केली. शासकीय कामकाजासाठी ‘मेघराज’ हा उपक्रम हाती घेण्यात आला. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये आर्थिक देयकांची विदा देशातच साठविण्याचे निर्देश दिले, तर २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल विदेच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. विदा ज्या संस्थेने गोळा केली, त्या संस्थेवर तिच्या रक्षणाचे दायित्व या कायद्याने टाकले आहे. साठवणीचे काम दुसऱ्याकडे सोपविले, म्हणून हे दायित्व संपत नाही. विद्यार्थ्यांची वैयक्तिक माहिती सांभाळणाऱ्या शिक्षणसंस्थांच्या दृष्टीने ही बाब विशेष महत्त्वाची आहे.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, क्लाऊडने यंत्रे विकत घेण्याचा भार हलका केला. विचार करण्याचा भार मात्र हलका केला नाही. विदेच्या प्रती किती आहेत, त्या खरोखर वेगवेगळ्या ठिकाणी आहेत काय, संपर्क तुटल्यास अचूकता राखावयाची की सेवा, आणि बॅकअपमधून विदा शेवटची केव्हा परत आणून पाहिली, हे चार प्रश्न प्रत्येक संस्थेने विचारले पाहिजेत. देजॉन येथील व्यवस्थेतही दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधीच शोधले गेले असते, तर हानी इतकी मोठी झाली नसती. सॉफ्टवेअरचे शिक्षण देताना विशिष्ट कंपनीची उत्पादने शिकविण्याबरोबरच हे प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लावणे आवश्यक आहे. उत्पादने काही वर्षांत बदलतील. या संकल्पना मात्र दीर्घकाळ उपयोगी पडतील.